वत्सगुल्माच्या गावात: तोंडातील जुन्या खुणा आणि नव्या खुणा

अकोल्याहून पूर्णेकडे निघालेली गाडी सपाट काळ्या रानातून हळूहळू पठारावर चढते. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि तुरीची शेते लागली की वाशीम जवळ आले असे समजावे. जिल्हा म्हणून वाशीम नवे आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून ते वेगळे झाले. गाव मात्र फार जुने. वत्सगुल्म हे त्याचे प्राचीन नाव. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी येथे होती. ज्याच्या काळात अजिंठ्याच्या लेण्यांना बहर आला तो हरिषेण राजा याच शाखेतला.

वत्सगुल्म या नावातील ‘गुल्म’ शब्दापाशी आरोग्याची आस्था असलेल्या प्रवाशाने क्षणभर थांबावे. संस्कृतात गुल्म म्हणजे झुडपांचा दाट पुंजका. गुल्म म्हणजे सैन्याची तुकडीही. आणि आयुर्वेदात गुल्म म्हणजे पोटात हाताला लागणारा गाठीसारखा उंचवटा. चरकसंहितेत या विकाराचे स्वतंत्र विवेचन आहे. शब्द एकच, पण तो कुठे आला आहे, त्याच्या शेजारी काय आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

आपल्या तोंडात दिसणाऱ्या डागांचे, ठिपक्यांचे आणि उंचवट्यांचेही असेच आहे. सकाळी आरशासमोर ओठ उलटून पाहताना पिवळसर दाणे दिसतात आणि एखाद्या आजोबांची त्या दिवशीची झोप उडते. वास्तविक ते दाणे तारुण्यापासून तेथेच असतात. दुसऱ्या घरी आजींच्या गालात एक पांढरा चट्टा सहा महिने वाढत राहतो आणि ‘दुखत तर नाही’ म्हणून कोणी लक्ष देत नाही. पहिल्या घरात अकारण भीती आहे, दुसऱ्या घरात अकारण निर्धास्तपणा. दोन्ही घरांना हवी आहे ती एकच गोष्ट: आपल्या तोंडाची ओळख. वाशीम आणि त्याच्या परिसरातून फिरता फिरता ती ओळख करून घेऊ.

बालाजीच्या गावात

वाशीमला येणारा माणूस बहुधा प्रथम बालाजीच्या दर्शनाला जातो. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील साबाजी भोसले यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे मंदिर बांधले. गावात पद्मतीर्थासारखी जुनी तीर्थे आहेत. येथील दगडी बांधकाम निरखून पाहिले तर त्यावर अनेक खुणा आढळतात. काही पाथरवटाच्या छिन्नीच्या, काही पावसाच्या, काही पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांच्या. या खुणांनी दगड कमकुवत झालेला नसतो. त्या त्याच्या वयाच्या आणि वापराच्या खुणा असतात.

साठ-सत्तर वर्षे वापरलेल्या तोंडातही अशा खुणा असतात. त्यांतील सर्वांत जास्त घाबरवणारी आणि सर्वांत निरुपद्रवी खूण म्हणजे ‘फोर्डाइस ठिपके’. जॉन ॲडिसन फोर्डाइस या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी १८९६ साली त्यांचे वर्णन केले म्हणून हे नाव पडले. हे ठिपके पिवळसर-पांढरे, रव्याच्या दाण्याएवढे, साधारण एक ते तीन मिलिमीटरचे असतात. गालाच्या आतल्या बाजूला आणि वरच्या ओठाच्या कडेला ते पुंजक्याने दिसतात. गाल बोटांनी ताणला की ते अधिक उठून दिसतात.

ते नेमके काय असतात? आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी तेल पाझरणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी असतात. त्याच ग्रंथी काही जणांच्या ओठात आणि गालातही असतात. तेथे केस नसल्यामुळे त्या पातळ आवरणाखालून थेट दिसतात. प्रौढांपैकी सुमारे ७० ते ८० टक्के लोकांच्या तोंडात त्या आढळतात. हा रोग नाही, संसर्ग नाही आणि एकाकडून दुसऱ्याला होणारी बाधाही नाही. त्यांना औषध लागत नाही. त्या पिळू नयेत, नखाने खरवडू नयेत, त्यांवर तुरटी किंवा चुना लावू नये. अशा उपचारांनीच नसलेली जखम निर्माण होते.

या ठिपक्यांची ओळख पटवणाऱ्या तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ते बहुधा दोन्ही बाजूंना सारखे असतात. बोटाला मऊ लागतात. आणि वर्षानुवर्षे जसेच्या तसे राहतात. दोन्हीकडे असणे, मऊ असणे आणि न बदलणे या तीन कसोट्या पुढेही वारंवार उपयोगी पडतील.

ताम्रपट वाचताना

१९३९ साली वाशीम येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. त्याचा मजकूर काही संस्कृतात आणि काही प्राकृतात आहे. त्याच्यामुळे वत्सगुल्म शाखेच्या इतिहासावर मोठा प्रकाश पडला. जुना ताम्रपट वाचणाऱ्या अभ्यासकाला आधी एक गोष्ट शिकावी लागते: धातूवरची प्रत्येक रेघ अक्षर नसते. काही रेघा केवळ ओरखडे असतात. अक्षर कोणते आणि ओरखडा कोणता, हे सारा पत्रा शांतपणे पाहिल्यावरच कळते.

तोंडातील ‘ओरखड्यां’ची म्हणजे निरुपद्रवी खुणांची यादी बरीच मोठी आहे. ज्येष्ठांच्या बाबतीत पुढील खुणा वारंवार दिसतात.

दोन्ही गालांच्या आत, वरचे आणि खालचे दात जेथे मिळतात त्या पातळीवर, एक बारीक पांढरी आडवी रेघ असते. दातांच्या नित्य घर्षणाने ती उमटते. तिला उपचार नको.

जीभ टाळूला लावून आरशात पाहिले तर जिभेखाली जांभळट-निळ्या गाठाळ शिरा दिसतात. वय वाढते तशा पायांतील शिरांप्रमाणे याही फुगतात. मऊ असतील, बोटाने दाबल्यावर फिकट होत असतील आणि वाढत नसतील तर काळजीचे कारण नाही.

जिभेच्या मुळाशी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकारात आठ ते बारा मोठे गोल दाणे असतात. ते चव घेणारे दाणे असून प्रत्येकाला असतात. घसा दुखला म्हणून कोणी जीभ फार बाहेर काढून पाहतो आणि ते प्रथमच दिसल्यामुळे घाबरतो. जिभेच्या मागील कडांवरही दोन्ही बाजूंना उभ्या घड्यांसारखे उंचवटे असतात. तेही जन्मजात आहेत. मात्र जिभेची कड ही जागा जोखमीचीही आहे, म्हणून एकाच बाजूचा उंचवटा वाढत असेल तर तो दाखवावा.

टाळूच्या मध्यभागी किंवा खालच्या जबड्याच्या आतील बाजूस हाडासारखा कठीण उंचवटा काहींना असतो. तो हाडाचाच असतो. कवळी बसवताना त्याची अडचण होऊ शकते, एरवी त्याचा त्रास नसतो.

जिभेवर लालसर बेटे आणि त्यांभोवती पांढुरकी किनार असा नकाशा काहींच्या जिभेवर उमटतो. आज एका जागी, आठवड्याने दुसऱ्या जागी, असा तो सरकतो. वऱ्हाडी ठेचा खाल्ला की तो चुणचुणतो. तिखट कमी करावे. एवढा उपाय पुरतो. सरकणे हेच त्याच्या निरुपद्रवीपणाचे लक्षण आहे. धोक्याचा चट्टा आपली जागा सोडत नाही.

हिरड्यांवर आणि गालांत तपकिरी-काळसर छटा आपल्याकडे कित्येकांना असते. ती त्वचेच्या रंगाचाच भाग आहे. मात्र एखादा काळा डाग नव्याने उमटून वाढत असेल तर तो वेगळा समजावा.

तोंड येणे म्हणजे लहान, गोल, लाल किनारीची आणि अतिशय दुखणारी फोडी, हे बहुतेकांच्या परिचयाचे आहे. ती सात ते चौदा दिवसांत आपोआप भरून येते. हा काळ लक्षात ठेवण्याजोगा आहे.

बसस्थानकाजवळचा पानठेला

देवदर्शन आटोपून बसस्थानकाकडे वळले की वाशीमचे दुसरे रूप दिसते. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांना जाणाऱ्या गाड्या, त्यांची वाट पाहणारी माणसे, आणि विदर्भातल्या कोणत्याही स्थानकाजवळ असतो तसा पानठेला. किसलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यावर घोटून खर्रा तयार होतो. पुडी खिशात जाते आणि चिमूट गालात. ही चिमूट गालाच्या ज्या कोपऱ्यात तासन्‌तास ठेवली जाते, त्याच कोपऱ्यात पुढे चट्टा उमटतो.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातील प्रौढांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा धूरविरहित तंबाखू वापरणारा आढळला. अनेक ज्येष्ठ म्हणतात, “आम्ही तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी.” त्यांनी एक गोष्ट जाणून घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखूशिवायच्या सुपारीलाही, कर्करोगकारक ठरवले आहे. मशेरी, तपकीर, बिडी आणि मद्य यांचाही तोंडाच्या आवरणावर परिणाम होतो. तंबाखू आणि मद्य एकत्र आले की धोका आणखी वाढतो.

अशा तोंडात काही खुणा ओरखडे राहत नाहीत, अक्षरे होतात. त्यांतील चार ओळखून ठेवाव्यात.

पहिली, पांढरा चट्टा. स्वच्छ फडक्याने पुसला तरी जात नाही आणि त्याचे दुसरे कारण सापडत नाही. डॉक्टर त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. असा प्रत्येक चट्टा कर्करोगात बदलत नाही, थोडेच बदलतात. पण कोणता बदलेल हे नुसत्या डोळ्यांना सांगता येत नाही, म्हणून तो दाखवावा लागतो.

दुसरी, लाल मखमली चट्टा. तो पांढऱ्या चट्ट्यापेक्षा कमी आढळतो, पण अधिक धोक्याचा असतो. पांढरा आणि लाल रंग एकत्र मिसळलेला चट्टाही याच वर्गातला.

तिसरी, तोंड कमी उघडणे. सुपारीच्या सवयीने गालाचे आवरण पांढुरके, ताठ होते. आत दोरीसारखे पट्टे हाताला लागतात. साधे वरणही झोंबते. कसोटी सोपी आहे: आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी जुळवून पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहावे. जात नसतील किंवा पूर्वी जात आणि आता जात नसतील, तर तपासणी करून घ्यावी. हा ताठरपणा बहुधा पुरता मागे फिरत नाही, पण सुपारी लगेच सोडली तर पुढची हानी टळू शकते.

चौथी, न भरणारी जखम. तिची कड जाड, बूड कडक, आणि अनेकदा ती मुळीच दुखत नाही.

वऱ्हाडातल्या कोणत्याही घरात ऐकू यावा असा हा संवाद आहे.

“मामाजी, तोंड उघडा जरा. गालात पांढरं काय दिसून राह्यलं?”

“काही नाही वं माय. दुखत नाही, खुपत नाही. मंग दवाखान्यात कायले जाचं?”

सासऱ्यांचा हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्यातच धोका दडलेला आहे. साधी फोडी खूप दुखते आणि जाते. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही आणि जात नाही. तोंडाच्या बाबतीत वेदना हा भरवशाचा पहारेकरी नव्हे. तो हाक मारीपर्यंत चोर घरात बराच आत आलेला असतो. म्हणून सुनेने, मुलाने, सांभाळणाऱ्या ताईने “दुखतं का?” असे विचारण्यापेक्षा “किती दिवस झाले?” असे विचारावे.

पाणी कुठे वळते

वाशीम जिल्ह्याची भूरचना मोठी बोलकी आहे. हे पठार दोन खोऱ्यांच्या मध्ये उभे आहे. दक्षिणेकडे पैनगंगा वाहते. तिचे पाणी पुढे वर्धा आणि प्राणहितेमार्गे गोदावरीला मिळून पूर्वेच्या समुद्रात जाते. जिल्ह्यातच उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे वळते. तिचे पाणी पूर्णा आणि तापीमार्गे पश्चिमेच्या समुद्रात जाते. पठारावर पडणारा पाऊस एकच. तो कोणत्या समुद्रात जाणार हे थेंब पाहून सांगता येत नाही. तो कोणीकडे वाहू लागला यावरून सांगता येते.

तोंडातील खुणांसाठी वैद्यकशास्त्राने अशीच एक रेषा आखली आहे: दोन आठवडे. आज दिसलेली खूण कशी आहे यापेक्षा पंधरा दिवसांत ती कोणीकडे वळली हे अधिक महत्त्वाचे. दाताच्या टोकाने झालेली जखम, गरम चहाचा चटका, साधी फोडी, या साऱ्या तोवर भरत आलेल्या असतात. कॅलेंडरवर पहिल्या दिवसाची खूण करावी. शक्य असल्यास मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे. स्मरणशक्ती दगा देते, छायाचित्र देत नाही.

दोन आठवड्यांनंतरही पुढीलपैकी काही शिल्लक असेल तर डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवावे: न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, बोटाला कडक लागणारा किंवा वाढणारा उंचवटा, तोंड कमी उघडणे, गिळताना अडखळणे, आवाज बदलणे, विनाकारण रक्त येणे, ओठ किंवा जीभ बधिर होणे, निरोगी दात अचानक हलू लागणे, नीट बसणारी कवळी एकाएकी न बसणे, एकाच कानात ठणका, मानेत न दुखणारी गाठ. तंबाखू-सुपारीची सवय असलेल्यांनी कडक गाठ किंवा लाल चट्टा दिसल्यास दोन आठवड्यांचीही वाट पाहू नये. ज्यांनी जन्मात तंबाखूला हात लावला नाही त्यांनीही ही यादी आपली नव्हे असे समजू नये. त्यांना धोका कमी असतो, शून्य नसतो.

पोहरादेवी आणि कारंज्याच्या वाटेवर

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान; कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. या दोन्ही ठिकाणी घरातील वडीलधाऱ्यांना हाताला धरून आणणारी कुटुंबे दिसतात. एकाने काठी सांभाळायची, दुसऱ्याने पाण्याची बाटली आणि औषधांची पिशवी. या पिशवीत एक छोटी विजेरीही असावी असे सुचवावेसे वाटते. परगावी अन्न-पाणी बदलते, तोंड कोरडे पडते, कवळी घासते आणि तक्रारी तेथेच सुरू होतात.

सांभाळणाऱ्या व्यक्तीने महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, पाच मिनिटे काढावीत. सुश्रुताने मुखरोगांची पासष्ट ही संख्या देऊन त्यांची सात स्थाने सांगितली आहेत: ओठ, दातांची मुळे, दात, जीभ, टाळू, कंठ आणि समग्र मुख. तपासणीला हाच क्रम घ्यावा, म्हणजे काही राहून जात नाही.

आधी हात धुवावेत. कवळी असेल तर काढून ठेवावी. पुष्कळ चट्टे कवळीखालीच लपतात. खिडकीच्या उजेडात बसवावे आणि विजेरी लावावी. ओठ उलटून आतली बाजू पाहावी. चमच्याच्या मागच्या बाजूने गाल बाहेर सरकवून हिरडीच्या अगदी शेवटपर्यंत पाहावे. जीभ स्वच्छ सुती कापडात धरून हलकेच एका बाजूस, मग दुसऱ्या बाजूस ओढून तिच्या कडा पाहाव्यात. जीभ टाळूला लावायला सांगून खालची जागा पाहावी. जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि चिमूट ठेवण्याचा गाल या तीन ठिकाणी जास्त वेळ द्यावा. मान मागे करून टाळू पाहावा. शेवटी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना बोटे फिरवून गाठ लागते का ते पाहावे.

हे करताना वडीलधाऱ्यांचा मान राखावा. त्यांना आधी सांगावे, विचारावे, आणि शक्य असेल तर आरसा त्यांच्याच हाती द्यावा. जबरदस्तीने उघडवलेले तोंड पुढच्या महिन्यात उघडत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीने जेवण नाकारले, एकाच बाजूने चावायला सुरुवात केली किंवा गालाला सारखा हात लावला, तर ती आपली तक्रारच सांगत असते.

अंथरुणाला खिळलेल्या, मधुमेह असलेल्या, दम्यासाठी तोंडातून औषध ओढणाऱ्या किंवा नुकतीच प्रतिजैविके घेतलेल्या ज्येष्ठांच्या तोंडात दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा थर येतो. फडक्याने पुसला तर तो निघतो आणि खाली लाल जागा दिसते. हा बुरशीचा संसर्ग. औषधाने तो बरा होतो. पांढरा चट्टा पुसून जातो की नाही, ही म्हणूनच घरची पहिली परीक्षा. दम्याचे औषध घेतल्यावर चूळ भरावी आणि कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी, म्हणजे हा त्रास पुष्कळसा टळतो. रक्तदाब, निद्रानाश, नैराश्य यांवरील काही गोळ्यांनी तोंड कोरडे पडते. घोट-घोट पाणी द्यावे, गोळ्या मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

दोन्ही गालांत पांढऱ्या जाळीसारखी नक्षी दिसली तर तो लायकेन प्लॅनस नावाचा विकार असू शकतो. तो बहुधा सौम्य असतो, पण त्याची ओळख डॉक्टरांनीच पटवावी आणि अधूनमधून पाहणी करावी. तुटक्या दाताने किंवा सैल कवळीने एकाच जागी सारखी जखम होत असेल तर आधी तो दात, ती कवळी दुरुस्त करावी आणि पुन्हा दोन आठवड्यांचे कॅलेंडर लावावे.

दवाखान्याची वाट

केवळ डोळ्यांनी पाहण्याचा उपयोग किती, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर आपल्याच देशात मिळाले आहे. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ साली अहवाल प्रसिद्ध केला. तंबाखूच्या सवयी आणि तोंडातील चट्टे यांचे नाते त्यासारख्या पाहण्यांतून स्पष्ट झाले. पुढे केरळात तिरुवनंतपुरमजवळ प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन तोंडे तपासली. २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा मद्याचे सेवन करणाऱ्यांमध्ये या साध्या तपासणीने तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. त्या तपासणीला महागडे यंत्र लागले नाही. उजेड आणि शिकवलेली नजर एवढेच लागले.

वाशीमच्या खेड्यातील ज्येष्ठाने पहिली पायरी गावातच चढावी. आशाताई तीस वर्षांवरील व्यक्तींची जी नोंद घेतात, तिच्यात तोंडातील चट्टा, न भरणारी जखम, तोंड उघडण्यातील अडचण आणि आवाजातील बदल यांविषयी प्रश्न असतात. त्यांना संकोच न करता खरे उत्तर द्यावे, खर्ऱ्याची सवय लपवू नये. त्यानंतर उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि वाशीमचे जिल्हा रुग्णालय. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशीमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेही उद्घाटन झाले. त्यापुढे अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, आणि नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय व राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे; योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. जाताना चालू गोळ्यांची यादी आणि काढलेली छायाचित्रे बरोबर न्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगावे.

डॉक्टर कधी तुकडा तपासायला सांगतात. येथे एक जुना समज वाटेत आडवा येतो: “सुरी लागली की तो पसरतो.” हा समज खरा नाही. जागा बधिर करून तांदळाच्या काही दाण्यांएवढा तुकडा घेतला जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. त्याने रोग पसरत नाही. रोग वाढतो तो तपासणी पुढे ढकलण्याने. आणि कित्येकदा त्या तपासणीतून ‘काही नाही’ हे सुखाचे उत्तरही मिळते.

खर्रा, तंबाखू किंवा सुपारी सोडायची असेल तर वय आड येत नाही. सत्तराव्या वर्षी सोडली तरी तोंडाचे आवरण त्याचा लाभ घेते. काही पांढरे चट्टे सवय सुटल्यावर फिकट होतात, काही नाहीसेही होतात. मात्र फिकट झाला म्हणून पाहणी सोडू नये. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पुडीसाठी उठणारा हात काही दिवस बडीशेप, लवंग किंवा वेलदोड्याकडे वळवावा, सुपारीकडे नव्हे.

ज्याला आपल्या गावातले जुने दगड ठाऊक असतात, त्याला नवी भेग लगेच दिसते. आपल्या तोंडातील जुन्या खुणा एकदा ओळखून घ्याव्यात: हे दाणे माझे, ही रेघ माझी, या शिरा माझ्या वयाच्या. त्यांच्याशी सलोखा करावा आणि निश्चिंत व्हावे. नवे काही दिसले तर कॅलेंडरवर खूण करावी. पंधराव्या दिवशी ते तेथेच असेल, तर दुखत नसले तरी, त्या दिवशीची सकाळची गाडी धरून डॉक्टरांना दाखवून यावे.